विश्लेषण : ऊर्जेचे दालन गेले, 'गार्डियन्स' आले, एका रोलर कोस्टरच्या थीमवरून इतका वाद का?

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात डिस्नेचे 'एपकॉट' नावाचे थीम पार्क आहे. तेथे २७ मे २०२२ रोजी 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी : कॉस्मिक रिवाइंड' हा रोलर कोस्टर सुरू झाला. बसलेल्यांपैकी बहुतेक जण हसत-ओरडत बाहेर पडतात, पुन्हा बसायचे म्हणतात. तरीही या राइडवरची चर्चा ती सुरू होण्याच्या पाच वर्षे आधीपासून चालू होती आणि अजूनही पुरती शमलेली नाही. तक्रार वेगाची नाही आणि सुरक्षेचीही नाही. आक्षेप आहे तो थीमवर. ज्या जागी ३५ वर्षे 'ऊर्जा म्हणजे काय' हे सांगितले जात होते, तेथे आता मार्व्हलच्या सिनेमातले नायक अंतराळात कोणाचा तरी पाठलाग करत आहेत. मनोरंजनाच्या जागी मनोरंजन आले, तर बिघडले कुठे, असा प्रश्न कोणालाही पडेल. उत्तर वाटते तितके सोपे नाही.

थीम म्हणजे फक्त रंगरंगोटी का?

रोलर कोस्टर म्हणजे शेवटी रूळ, डबे आणि गुरुत्वाकर्षण. पण तोच रूळ उघड्यावर ठेवला तर तो जत्रेतला पाळणा होतो आणि त्याला गोष्ट दिली की प्रवास होतो. याचे सर्वात बोलके उदाहरण डिस्नेचेच आहे. फ्लोरिडातील 'स्पेस माउंटन' १९७५ मध्ये सुरू झाला. त्याचा वेग ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबईत रात्री मोकळ्या रस्त्यावर रिक्षा पळते साधारण तितकाच. मात्र सगळा प्रवास अंधारात, चमकणाऱ्या ताऱ्यांमधून होतो. पुढचे वळण दिसत नाही आणि पोटात गोळा येतो. ती भीती रुळाने कमी आणि गोष्टीने जास्त तयार केलेली असते.

खोपोलीजवळच्या 'इमॅजिका'त गेलेल्यांना हा फरक सांगावा लागणार नाही. तेथील 'नायट्रो' हा पायाखाली तळ नसलेला, आडवातिडवा फिरवणारा उघड्यावरचा कोस्टर. त्याला गोष्टीची गरजच नाही. लांबून बघूनच घाम फुटतो. त्याच पार्कमधला 'डीप स्पेस' मात्र बंदिस्त आणि अंधारा आहे. तो काळोख आणि अंतराळाच्या कल्पनेवर उभा आहे.

म्हणजे थीम ही राइडचा अर्धा जीव असते. ती बदलली की राइड काय सांगते ते बदलते. आणि आख्खे पार्कच काही सांगण्यासाठी उभारलेले असेल, तर एका राइडची थीमही वादाचा विषय होते.

एपकॉट वेगळे कसे?

एपकॉट ही मुळात थीम पार्कची कल्पनाच नव्हती. वॉल्ट डिस्ने यांना तेथे खरेखुरे शहर वसवायचे होते. सुमारे वीस हजार लोक राहतील, नवे तंत्रज्ञान रोजच्या वापरात तपासले जाईल, मोटारी जमिनीखालून धावतील, असा तो आराखडा होता. डिसेंबर १९६६ मध्ये वॉल्ट यांचे निधन झाले आणि शहराची कल्पना मागे पडली. कंपनीने आधी १९७१ मध्ये नेहमीसारखे 'मॅजिक किंग्डम' सुरू केले. एपकॉटचे दार उघडले ते १ ऑक्टोबर १९८२ रोजी, कायमस्वरूपी जागतिक प्रदर्शनाच्या रूपात.

त्याचे दोन भाग होते. मागच्या बाजूला तळ्याभोवती वेगवेगळ्या देशांची दालने. आज ती अकरा आहेत. भारताचे दालन त्यात नाही, हे तेथे जाणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाच्या लक्षात येते आणि थोडे खुपतेही. पुढच्या बाजूला 'फ्यूचर वर्ल्ड'. तेथे संवाद, ऊर्जा, वाहतूक, शेती, कल्पनाशक्ती अशा एकेका विषयाला एकेक इमारत दिली होती. नंतर समुद्र आणि आरोग्य हे विषयही आले. मिकी माऊसला सुरुवातीला या पार्कमध्ये जवळपास जागाच नव्हती. डिस्नेच्या पार्कमध्ये डिस्नेची पात्रे नाहीत, हा निर्णय आज वेडेपणाचा वाटेल. पण त्यामागे एक विश्वास होता. सुट्टीवर आलेल्या माणसाला शेतीबद्दल, विजेबद्दल चांगल्या रीतीने सांगितले तर तो ऐकेल, एवढाच तो विश्वास.

आपल्याकडे त्याच सुमारास, १९८५ मध्ये, वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र सुरू झाले. पैसा, आकार, उद्देश यांत दोन्हींची तुलना होऊ शकत नाही. पण हात लावून बघा, बटण दाबा, कुतूहल वाटू द्या, ही त्या दशकातली हवा दोन्हीकडे होती.

ऊर्जेच्या दालनात होते काय?

'युनिव्हर्स ऑफ एनर्जी' हे पहिल्या दिवसापासूनचे दालन. छपरावर सुमारे ८० हजार सौरघट बसवलेले होते आणि त्यातून राइडला लागणाऱ्या विजेचा काही भाग मिळत असे. १९८२ मध्ये ही गोष्ट सर्वसामान्यांनी क्वचितच पाहिलेली होती. आत प्रेक्षक खुर्च्यांवर बसून चित्रपट पाहू लागत आणि थोड्या वेळाने आख्खे प्रेक्षागृहच सहा तुकड्यांत सुटे होऊन चालू लागे. प्रत्येक तुकड्यात ९७ जण. ते हलते नाट्यगृह डायनासोरांच्या दलदलीतून संथपणे जाई. पडद्यावर कोळसा, तेल, अणू, सूर्य यांची गोष्ट चाले. १९९६ मध्ये त्याचे रूप बदलले. विनोदी अभिनेत्री एलन डीजेनेरस आणि विज्ञान समजावून सांगणारे बिल नाय हे दोघे सूत्रधार झाले. पाऊण तासाच्या आसपासचा हा कार्यक्रम १३ ऑगस्ट २०१७ रोजी कायमचा थांबला.

तोवर तो थकलेलाच होता, हे मान्य करायला हवे. विनोद शिळे झाले होते, माहिती जुनी झाली होती. भर दुपारी फ्लोरिडाच्या उन्हातून आलेल्या अनेकांसाठी ते वातानुकूलित डुलकीचे ठिकाण होते. आज त्याच्या आठवणीने गळा काढणाऱ्यांपैकी किती जण शेवटच्या पाच वर्षांत आत गेले होते, हे विचारले तर पंचाईत व्हावी.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. या दालनाचा खर्च उचलणारी कंपनी होती एक्सॉन. म्हणजे ऊर्जेचा धडा तेल कंपनीच्या पैशातून. वाहतुकीचे दालन जनरल मोटर्सचे, कल्पनाशक्तीचे कोडॅकचे, शेतीचे क्राफ्ट या खाद्यपदार्थ कंपनीचे. मार्च १९८९ मध्ये 'एक्सॉन व्हाल्डीझ' हे जहाज अलास्काच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळले आणि कोट्यवधी लिटर तेल समुद्रात सांडले. तेव्हाही फ्लोरिडात हे दालन रोज चालूच होते. तेव्हा 'पूर्वी निखळ ज्ञान होते, आता बाजार आला' ही मांडणी खरी नाही. बाजार पहिल्या दिवसापासून होता. फरक इतकाच, की तेव्हाच्या बाजाराला आपली वस्तू खपवण्यासाठी जगाबद्दल काहीतरी बोलावे लागत होते.

मग 'गार्डियन्स'च का निवडले?

इथे एक कराराची गंमत आहे. डिस्नेने २००९ मध्ये मार्व्हल सुमारे चार अब्ज डॉलरना विकत घेतली. पण त्याच्या कितीतरी आधी, १९९४ मध्ये, मार्व्हलने आपली पात्रे थीम पार्कसाठी युनिव्हर्सलला देण्याचा करार केला होता. त्यानुसार युनिव्हर्सलच्या ऑरलँडोतील पार्कमध्ये १९९९ पासून मार्व्हलच्या महानायकांची आख्खी गल्ली आहे. या करारामुळे अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या पूर्वेला स्पायडरमॅन, हल्क, आयर्न मॅन यांना घेऊन राइड बांधायला डिस्नेला मनाई आहे. कंपनी डिस्नेची, पात्रे डिस्नेची, पण फ्लोरिडात ती शेजारच्या प्रतिस्पर्ध्याकडे नांदतात! सामायिक सातबाऱ्याचे दावे पाहिलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला यात नवल वाटू नये.

'गार्डियन्स'ची टोळी त्या करारात अडकलेली नव्हती. १९९४ मध्ये ती कोणाच्या खिजगणतीत नव्हती. २०१४ च्या सिनेमाने तिला घरोघरी पोहोचवले. त्यामुळे फ्लोरिडात डिस्नेला मोकळेपणाने वापरता येईल असे मार्व्हलमधले ते सर्वात मोठे नाव ठरले. कॅलिफोर्निया नदीच्या पश्चिमेला असल्याने तेथे अशी अडचण नव्हती. तेथेही 'टॉवर ऑफ टेरर' या लोकप्रिय राइडचे रूप बदलून २७ मे २०१७ रोजी तिला 'गार्डियन्स'ची थीम दिली गेली होती. त्यावरही चाहत्यांनी नाराजी व्यक्त केली होती.

एपकॉटमध्ये ही थीम बसवायची तर काहीतरी धागा हवा. तो असा काढला गेला : सिनेमाचा नायक पीटर क्विल पृथ्वीवरचा. तो लहानपणी एपकॉटला येऊन गेला होता आणि त्याला ते फार आवडले होते. दुसरा धागा, झँडार नावाच्या काल्पनिक ग्रहाने पृथ्वीवासीयांसाठी आपले दालन उघडले आहे. देशांची दालने असतात, तसे हे परग्रहाचे. कल्पना चतुर आहे. पण ती वाचताना पाहुणे दारात आल्यावर ओढूनताणून नाते सांगणाऱ्या दूरच्या मावसभावाची आठवण होतेच.

राइड म्हणून ती कशी आहे?

उत्तम, असे बहुतेकांचे म्हणणे आहे आणि ते पटण्यासारखे आहे. हा पूर्ण बंदिस्त कोस्टर नेदरलँड्सच्या वेकोमा कंपनीने बांधला. डबे उलट्या दिशेने सुसाट सुटतात आणि मग प्रवासात स्वतःभोवती वळत राहतात, म्हणजे कथा ज्या बाजूला घडते आहे त्या बाजूला प्रवाशाचे तोंड होते. कॅमेरामन कॅमेरा फिरवतो तसे हे तंत्र. दरवेळी सहांपैकी एक गाणे वाजते. ब्लाँडी, टीअर्स फॉर फीअर्स, अर्थ विंड अँड फायर अशा मंडळींची सत्तर-ऐंशीच्या दशकातली गाणी. कोणते लागेल ते आधी कळत नाही, त्यामुळे पुन्हा बसायला निमित्त मिळते.

गोष्टीत शत्रू विश्वाचा काळ मागे नेतो आणि पाठलाग थेट महास्फोटापर्यंत पोहोचतो. यातला योगायोग कोणाच्या फारसा लक्षात आला नाही. एलनच्या जुन्या कार्यक्रमातही ऊर्जेची गोष्ट महास्फोटापासूनच सुरू व्हायची! तिथे महास्फोट दाखवून पुढे 'मग आपल्या घरातली वीज आली कुठून' इथवर यायचे. इथे महास्फोट हे पळून जाण्याचे ठिकाण आहे. पाठलाग संपला की विषय संपला. बाहेर पडणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाच्या मनात गाणे राहते. प्रश्न राहत नाही.

आक्षेपांत दम किती?

विरोधकांचे सगळे मुद्दे सारख्या वजनाचे नाहीत. 'मार्व्हल नको' हा आवडीचा प्रश्न झाला. 'आमच्या लहानपणीचे दालन पाडले' यात भावना आहे, युक्तिवाद नाही. शिवाय दालन पाडलेलेही नाही. जुन्या इमारतीतून आता रांग जाते आणि राइडसाठी मागे वेगळी प्रचंड इमारत बांधली आहे.

दोन मुद्दे मात्र झटकून टाकता येत नाहीत.

पहिला, हे एकटे उदाहरण नाही. नॉर्वेच्या दालनात १९८८ पासून त्या देशाचा समुद्र, दंतकथा आणि तेलविहिरी दाखवणारी नौकासफर होती. २०१४ मध्ये ती बंद झाली आणि २०१६ मध्ये तिथे 'फ्रोझन'ची राइड आली. 'फ्रोझन'मधले अरेंडेल हे राज्य काल्पनिक आहे. म्हणजे खऱ्या देशाच्या दालनात खोट्या देशाची सफर. समुद्राच्या दालनात 'निमो' मासा आला. फ्रान्सच्या दालनात २०२१ मध्ये 'रॅटाटुई'मधला उंदीर आला. त्याच वर्षी 'फ्यूचर वर्ल्ड' हे नावही पुसले गेले आणि त्या भागाचे तीन तुकडे करून नवी नावे दिली गेली. प्रत्येक बदल सुटा पाहिला तर किरकोळ वाटतो, समर्थनही करता येते. सगळे एकत्र ठेवले की दिशा दिसते. बाहेरच्या जगाकडे बोट दाखवणारे पार्क हळूहळू स्वतःच्याच सिनेमांकडे बोट दाखवू लागले.

दुसरा मुद्दा उंचीचा आहे आणि तो वादात फारच कमी वेळा आला. जुन्या दालनात उंचीची अट नव्हती. तान्हे मूल, गुडघे दुखणारी आजी, गरोदर सून, सगळे एकाच बाकावर बसत. 'कॉस्मिक रिवाइंड'साठी किमान ४२ इंच, म्हणजे साधारण १०७ सेंटीमीटर उंची लागते. पाठ, मान, हृदयाचा त्रास असणाऱ्यांना आणि गरोदर महिलांना बसू नका म्हणून सांगितले जाते. गोल फिरण्याने मळमळणारेही पुष्कळ. सुरुवातीची काही वर्षे तर प्रत्यक्ष रांगच नव्हती. सकाळी सातच्या ठोक्याला मोबाइलवर नंबर लावायचा, नाहीतर वेगळे पैसे मोजायचे. तत्काळ तिकिटासाठी बोटे सरसावून बसणाऱ्यांना ती धडपड कळेल. अमेरिकेतल्या मुलाकडे गेलेले मराठी आईवडील, सोबत सून आणि नातवंडे, असा कुटुंबाचा गोतावळा एपकॉटमध्ये हमखास दिसतो. त्यातले निम्मे लोक आता बाहेर बाकावर पिशव्या सांभाळत बसतात. थीम बदलली तेव्हा 'हे कोणासाठी' याचे उत्तरही बदलले, ते असे.

ज्ञान आणि थरार एकत्र जमतच नाहीत का?

डिस्नेच्या बाजूने नेहमी दिले जाणारे उत्तर हेच, की लोकांना शिकायचे नसते, रांग लागते ती ओळखीच्या पात्रांसाठी. उद्योग म्हणून हिशेब साफ आहे. सिनेमा राइडची जाहिरात करतो, राइड सिनेमाची आणि बाहेर पडताना दुकानात रॉकेटची बाहुली दोघांचीही. एक्सॉनने २००४ मध्ये प्रायोजकत्व सोडल्यावर ऊर्जेच्या धड्याचा खर्च कोणी करायचा, हाही प्रश्न होताच. विज्ञान सांगायला कोणी पैसे देत नसेल, तर कंपनीकडून दानधर्माची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

पण 'जमत नाही' हे मात्र एपकॉटनेच खोटे पाडले आहे. मोटारगाडीची चाचणी कशी होते या विषयावरची 'टेस्ट ट्रॅक' ही राइड १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून गर्दी खेचते आहे. तिच्यात एकही सिनेमा नाही. यानाच्या उड्डाणाचा अनुभव देणारे 'मिशन : स्पेस' २००३ पासून आहे. शेतीच्या दालनातली संथ नौकासफर तर चार दशके टिकली. मातीविना वाढणारी टोमॅटोची झाडे, टांगती भोपळ्याची वेल आणि तिथेच पिकलेली भाजी पार्कच्या उपाहारगृहात. ही सफर पाहून आलेले किती तरी मराठी पर्यटक बाकी सगळे विसरतात, पण तो भोपळा सांगतात.

ऊर्जा हा विषय तर थराराला जन्मजात जवळचा. रोलर कोस्टर म्हणजेच स्थितिज ऊर्जेचे गतिज ऊर्जेत रूपांतर. आठवी-नववीच्या पुस्तकात त्याचे चित्र असते. सौर, पवन, अणू, बॅटरी यांवरून जगभर राजकारण पेटलेले असताना ऊर्जेवर उत्तम कोस्टर बांधण्याची संधी याच कंपनीकडे, याच जागी होती. जागा होती, पैसा होता, अभियंते होते. ती कल्पना सुचली नाही की परवडली नाही, हे बाहेरच्यांना कळणार नाही. टीका करायचीच तर ती इथे करावी. मार्व्हलला शिव्या घालण्यात वेळ जातो.

आपल्याकडे असा वाद का होत नाही?

कारण आपल्या पार्कांनी तसे वचनच कधी दिले नाही. 'इमॅजिका'त 'मिस्टर इंडिया'वर राइड आहे, अलिबाबावर आहे. त्यावर कोणी भुवई उंचावली नाही आणि उंचावण्याचे कारणही नाही. २०१३ मध्ये सुरू होताना ते करमणुकीचे ठिकाण म्हणूनच सुरू झाले. तिथलीच 'राजासॉरस' ही पाण्यातली राइड मात्र लक्षात घेण्याजोगी. राजासॉरस हा काल्पनिक प्राणी नव्हे. नर्मदेच्या नावाने ओळखला जाणारा, गुजरातमध्ये सापडलेल्या जीवाश्मांवरून २००३ मध्ये नाव मिळालेला हा खरा भारतीय डायनासोर आहे. पाण्यात भिजून बाहेर आलेल्या किती मुलांना हे कोणी सांगते?

राज्यातल्या शाळांच्या सहली आता मोठ्या प्रमाणावर अशा पार्कांमध्ये जातात. पालकांकडून येणाऱ्या संमतीपत्रावर मात्र मथळा 'शैक्षणिक सहल' असाच असतो. मुलांनी मजा करू नये असे कोणी म्हणणार नाही. पण बसमधून परतताना शिक्षकांनी राजासॉरसवर दहा मिनिटे बोलायला काहीच खर्च येत नाही.

पुढे काय?

डिस्नेने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणखी एक बदल जाहीर केला. एपकॉटशेजारच्या 'हॉलीवूड स्टुडिओज'मधील १९९९ पासूनचा 'एरोस्मिथ' या बँडचा रोलर कोस्टर आता 'मपेट्स' या बाहुल्यांना मिळणार. त्याच मपेट्सचा १९९१ पासूनचा त्रिमिती चित्रपटाचा खेळ मात्र जून २०२५ मध्ये बंद करण्यात आला. म्हणजे एकाच पात्रांचे चाहते एका घोषणेवर खूश आणि दुसरीवर नाराज!

एपकॉटमध्ये मात्र उलट दिशेनेही एक पाऊल पडले आहे. 'टेस्ट ट्रॅक' जुलै २०२५ मध्ये नव्या रूपात सुरू झाली, तेव्हा तिच्यात सिनेमातले एकही पात्र आणले गेले नाही. त्याऐवजी त्याच जागी १९८२ मध्ये असलेल्या वाहतुकीच्या दालनाची आठवण नव्या मांडणीत गुंफली गेली. खर्च उचलणारी कंपनी तीच, जनरल मोटर्स.